कंपाऊंडच्या कुंपणाला लागलेली ती लाल फळं खायची का? अमाटुंगुलूबद्दल सगळं

ताई, आधी घाबरू नका. तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकहून चार महिन्यांपूर्वी तुम्ही दक्षिण आफ्रिकेत डर्बनला, उम्हलांगाला राहायला आलात, कॉम्प्लेक्सच्या भिंतीला लागून काटेरी हिरवंगार कुंपण आहे, त्याला चांदणीसारखी पांढरी वासाची फुलं आणि मोठ्या बोराएवढी लाल फळं येतात, सहा वर्षांच्या मुलाने परवा त्यातली दोन खाल्ली, गार्ड म्हणाला खुशाल खाऊ दे आम्ही लहानपणापासून खातो, आणि शेजारच्या बाई म्हणाल्या हे कण्हेरीच्या जातीचं आहे, विषारी असतं. खरं कोणाचं? खाण्यासारखं असेल तर त्याचं करता काय येईल? आणि मागच्या बाजूच्या कुंपणाला नुसती फुलंच येतात, फळ धरत नाही, ते का?

मुलाला काही होणार नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली फांदी अमाटुंगुलूचीच आहे, काटा स्पष्ट दिसतोय, आणि हातात धरलेलं फळ पिकलेलं आहे. गार्डचं बरोबर आहे, पण शेजारच्या बाईही उगाच बोलल्या नाहीत, त्या काय म्हणतायत तेही समजून घ्यायला पाहिजे.

मी मूळचा दापोलीकडचा, शिक्षण फलोत्पादनाचं, आणि डर्बनच्या आसपास नर्सरी आणि लँडस्केपिंगच्या कामात सतरा वर्षं काढलीत. वर बॅलिटोपासून खाली अमानझिमटोटीपर्यंत या झाडाची किती कुंपणं लावली असतील त्याचा हिशोब नाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण या झाडाबद्दल अर्धवटच सांगितलं जातं आणि मग लोक एक तर चांगलं फळ झाडाखाली कुजवतात नाहीतर भलतंच काहीतरी तोंडात घालतात.

झाडाचं शास्त्रीय नाव कॅरिसा मॅक्रोकार्पा. जुन्या याद्यांमध्ये कॅरिसा ग्रँडिफ्लोरा लिहिलेलं सापडेल, एकच झाड. इंग्रजीत नटाल प्लम म्हणतात, नटाल हे डर्बनच्या प्रांताचं, म्हणजे आताच्या क्वाझुलू-नटालचं जुनं नाव, पण प्लमशी याचा काडीचा संबंध नाही. आफ्रिकान्समध्ये नूम-नूम, झुलूत फळाला अमाथुंगुलू, आणि डर्बनमध्ये सगळ्या रंगाची माणसं बोलताना अमाटुंगुलू म्हणतात, मीही तेच म्हणणार. आणि कॅरिसा हे नाव वाचून ज्यांना झाडांची थोडी माहिती आहे त्यांच्या लक्षात आलं असेल, आपलं करवंद म्हणजे कॅरिसा कॅरँडस. तेव्हा तुमच्या कॉम्प्लेक्सच्या भिंतीला आपल्या करवंदाची सख्खी चुलत बहीण लागलीय, आपली डोंगरची काळी मैना तशी ही इथल्या समुद्रकाठची लाल मैना. मी पहिल्यांदा इथे आलो आणि पान मोडून चीक बघितला, फुलाचा वास घेतला, तेव्हा मला जाळीत हात घालून करवंदं काढायचे दिवसच आठवले, कोणी ओळख करून द्यायची गरजच पडली नाही.

आता त्या विषाच्या बोलण्याबद्दल. करवंद, अमाटुंगुलू, कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, सदाफुली, पांढरा चाफा, सर्पगंधा, हे सगळं एकाच कुळातलं. यातल्या बहुतेकांना पान किंवा फांदी तोडली की पांढरा चीक येतो, आणि यातली कण्हेर आणि बिट्टी किती घातक आहेत ते आपल्याकडे खेड्यातल्या पोरालाही माहीत असतं. म्हणून शेजारच्या बाईंचं म्हणणं कुळाच्या हिशोबाने बरोबर आहे. या झाडाचं पान, फांदी, चीक, हिरवं कच्चं फळ यातलं काहीही पोटात जाता कामा नये. नुसतं तोडून खायचं ते फक्त फळ, तेही पूर्ण लाल आणि मऊ झालेलं. चीक हाताला लागला तर काहींना खाज येते, साबणाने धुऊन टाकायचा, डोळ्याला तो हात लावायचा नाही.

पिकलंय कधी ते ओळखायला मला एका आजींनी शिकवलं. आमच्या नर्सरीत एक वयस्कर झुलू बाई होत्या, त्यांना सगळे गोगो म्हणायचे, झुलूत गोगो म्हणजे आजी. पहिल्याच उन्हाळ्यात मी लाल दिसलं म्हणून एक फळ ओरबाडलं तर देठातून दूध टपटप गळायला लागलं, आणि चावलं तर ओठ एकमेकांना चिकटले, तुरट इतकं की तोंड आवळून आलं. गोगोंनी माझ्या हातातलं फळ काढून घेतलं, टाकून दिलं, मग शेजारच्या फांदीवरचं एक फळ न तोडता नुसतं अंगठ्याने देठाजवळ दाबून दाखवलं. पिकलेल्या टोमॅटोसारखं दबलं पाहिजे. मग तळहातात घेऊन ओढायचं नाही, हळूच पीळ द्यायचा. पिकलेलं असेल तर पिळाबरोबर सुटून येतं आणि देठाला दुधाचा बारीकसा ठिपका दिसतो तेवढाच. जे ओढावं लागतंय ते आज खायचं नाही, दोन दिवसांनी परत यायचं. रंग फसवतो हे लक्षात ठेवा, बाहेरून लालभडक झाल्यावरही आत चीक जिरायला तीन-चार दिवस जातात. आतापर्यंत इतकी फळं खाल्ली पण अजूनही मी अंगठा लावल्याशिवाय तोडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, इथे नीट लक्ष द्या, कारण डर्बनच्या किनाऱ्यावर लहान मुलं असलेल्या प्रत्येक घरात हे माहीत असायला पाहिजे. याच वाळूच्या टेकड्यांवर, याच झाडाच्या शेजारी, अगदी तशीच चकचकीत जाड पानं, तसाच पांढरा चीक, तशीच पांढरी गोड वासाची फुलं आणि लालसर जांभळी फळं असलेलं दुसरं एक झुडूप वाढतं. त्याचं नाव ॲकोकँथेरा ऑब्लाँगिफोलिया, इंग्रजीत ड्यून पॉयझन बुश म्हणतात आणि ते नाव उगाच पडलेलं नाही. या ॲकोकँथेरा मंडळींचं विष आफ्रिकेत पिढ्यानपिढ्या बाणाला लावायला वापरलं गेलं. ते थेट हृदयावर काम करतं. त्याच्या पूर्व आफ्रिकेतल्या भावाच्या सालीत ऊबेन नावाचं द्रव्य असतं, आणि तिकडे क्रेस्टेड रॅट नावाचा एक मोठा केसाळ उंदीर असतो तो ही साल चावून तो रस स्वतःच्या अंगावरच्या खास केसांना फासतो, कुत्र्याने त्याला तोंडात धरलं तर कुत्रा मरायची पाळी येते. एवढं ते जहाल. आणि एके काळी वनस्पतीशास्त्रज्ञसुद्धा ॲकोकँथेराला कॅरिसामध्येच धरत होते, म्हणजे जाणत्यांचीही गल्लत झालेली आहे, तर सहा वर्षांच्या मुलाचं काय घेऊन बसलात.

फरक कसा करायचा? काटा बघायचा. अमाटुंगुलूच्या फांदीवर काटा असतो आणि तो साधा नसतो, गलोलीच्या बेचक्यासारखा दुबेळका असतो, एका बुडातून निघून पुढे दोन टोकं फाकलेली, हिरवा, कडक, चार सेंटीमीटरपर्यंत लांब. पॉयझन बुशला काटा अजिबात नसतो. फुलंही वेगळी, अमाटुंगुलूचं फूल मोठं, पाच पाकळ्यांची सपाट चांदणी, रुपयाच्या नाण्याहून मोठी, आणि त्या दुसऱ्याची फुलं बारीक, गुलाबी छटेच्या नळीची, पानाच्या बेचक्यात घोसाने दाटीवाटीने येतात. फळ अमाटुंगुलूचं पिकून लाल किंवा किरमिजी होतं आणि तिथेच थांबतं, दुसऱ्याचं पुढे जांभळं काळं होत जातं. पण मुलांना एवढं सगळं सांगू नका, त्यांना एकच सांगा: बेचक्याचा काटा दिसला नाही तर हात लावायचा नाही. आता बाजारात अमाटुंगुलूच्याही बिनकाट्याच्या किंवा कमी काट्याच्या बुटक्या जाती आहेत, बॉक्सवुड ब्युटी वगैरे, त्यांचं फळ विषारी नसतं, तरीही मुलांसाठी नियम तोच ठेवा. त्या फळाला मुकलात तर काही बिघडत नाही. आणि चुकून कधी कोणी बिनकाट्याच्या झुडपाचं फळ किंवा पान खाल्लं असेल तर वाट बघत बसायचं नाही, मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडायचं नाही, झाडाची फांदी पिशवीत घालून सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठायची.

तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये एकदा रविवारी सकाळी मुलाला घेऊन सगळ्या कुंपणाला चक्कर मारा. पॉयझन बुश इथे काही ठिकाणी शोभेचं म्हणूनही लावतात, फुलांना वास छान येतो म्हणून. सापडलं तर कमिटीला सांगून काढायला लावा. मी माझ्या कामात ज्या जागी मुलं खेळणार असतील तिथे ते कधीच लावलं नाही, मागितलं तरी नाही.

एवढं झालं की मग बिनधास्त खा, कारण फळ खरंच छान आहे. साल पातळ, सोलायची गरज नाही. गर लाल, रसाळ, त्यात पांढऱ्या चिकाचे बारीक ठिपके दिसतात, ते पिकलेल्या फळातही असतात, त्याला घाबरायचं नाही. चव कशी सांगू, स्ट्रॉबेरीची आंबटगोडी आणि मागून करवंदाची ओळखीची चव. बिया सहापासून सोळापर्यंत असतात, चपट्या, पातळ, तपकिरी, आम्ही मोठी माणसं फळाबरोबर गिळून टाकतो, लहान मुलांना मात्र फळ अर्धं कापून चमच्याने बिया काढून द्या. क जीवनसत्त्व चांगलं असतं, १०० ग्रॅमला साधारण ३८ मिलिग्रॅम. पहिल्यांदा खाणाऱ्याने दोन-तीन खावीत, पोटाला मानवली की मग पुढे. माझ्या मुलीला मी लहानपणी आपला करवंदाचा खेळ शिकवला होता, कोंबडा की कोंबडी, फळ चावून आत लाल निघालं तर कोंबडा आणि पांढरट निघालं तर कोंबडी. इथे चार दिवस खेळली आणि रडकुंडीला आली, बाबा सगळे कोंबडेच निघतायत. अमाटुंगुलू आतून लालच असतं.

आता स्वयंपाकघराकडे येतो. आपल्या माणसाच्या हातून इथे एक चूक हमखास होते. आपल्याकडे हिरव्या करवंदाचं लोणचं घालतात, कैरी-करवंद घालतात, डाळीत हिरवं करवंद टाकतात. ती सवय हाताला असते म्हणून इथल्या हिरव्या फळाचंही तेच करावंसं वाटतं. करू नका. हे करवंद नाही, याच्या हिरव्या फळात चीक प्रचंड असतो आणि कच्चं फळ खाण्यात धरत नाहीत. लोणचं घालायचंच असेल तर लाल झालेलं पण अजून थोडं कडक असं फळ घ्या, अर्धं कापा, बिया काढा, मीठ लावून रात्रभर ठेवा, सकाळी सुटलेलं चिकट पाणी फेकून द्या आणि मग मोहरीची डाळ, मेथी, हिंग, गरम करून गार केलेलं तेल नेहमीसारखं. आमच्या घरी हे होतं, पण आठ-दहा दिवसांत संपवायचं लोणचं आहे, वर्षभराचं नाही, फळ मऊ पडतं.

खरी बाजी मारते ती जेली. नटालमधल्या जुन्या घरांमध्ये अमाटुंगुलू जेली पूर्वीपासून होते आणि रंग असा येतो की बाटली उन्हात धरली तर माणिक ठेवल्यासारखी दिसते. एक किलो फळ घ्यायचं, त्यात तीन भाग पूर्ण पिकलेलं आणि एक भाग लाल पण कडक, कारण नुसत्या मऊ फळाची जेली नीट धरत नाही, कडक फळाने ती धरते. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या, ॲल्युमिनियमचं अजिबात नको. फळं दोन तुकडे करून बुडेल इतकं पाणी घालून मंद आचेवर वीस मिनिटं शिजवा, डावाने ठेचा. शिजताना एक गंमत बघाल, रसातला चीक सुटून वर येतो आणि पातेल्याच्या कडेला गोळा होऊन रबरासारखा चिकटतो. पहिल्यांदा करणारा घाबरतो की काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नाही, उलट तेच पाहिजे, चीक भांड्याला गेला म्हणजे रसातून गेला. नंतर तो साबणाने निघत नाही, घासणीचं काम नाही, बोटावर खायचं तेल घेऊन चोळा, दोन मिनिटांत सुटतो. मग रस सुती फडक्यातून गाळायचा, आपण श्रीखंडाचा चक्का बांधतो तसा टांगून ठेवायचा, पिळायचा नाही, पिळलं की जेली गढूळ होते. जेवढे कप रस तेवढेच कप साखर, किंवा गोड कमी पाहिजे असेल तर पाऊण. मोठ्या आचेवर उकळा, आणि थंड बशीत थेंब टाकून बोटाने ढकलून बघा, सुरकुती पडली की उतरवा. पोळीला लावून खायला मुलांना फार आवडते, आणि तिखट मटणाबरोबर थोडीशी घेतली तरी चांगली लागते.

आमच्याकडे याचं सारही करतात. कोकम इथे सहज मिळत नाही आणि घरून आणलेली आमसुलं पुरत नाहीत, म्हणून बायकोने एकदा शिजवून गाळलेल्या अमाटुंगुलूच्या रसात गूळ, मीठ, ठेचलेली मिरची घालून वरून तूप-जिऱ्याची फोडणी दिली, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे मासे असले की हेच सार. कोकमाची चव नाही येत, खोटं कशाला सांगू, पण भाताबरोबर जातं.

आता तुमचा तिसरा प्रश्न, फुलं येतात पण फळ नाही. याची दोन-तीन कारणं असतात आणि तुमच्या फोटोवरून मला पहिलं जास्त वाटतंय. तुमचं मागचं कुंपण इस्त्री केल्यासारखं सपाट कापलेलं दिसतंय. या झाडाला फळं फांदीच्या टोकाकडे लागतात, आणि बागकामवाले दर तीन आठवड्यांनी मशीन फिरवून नेमकी टोकंच उडवतात. आत सावलीत राहिलेल्या चार फुलांना किती फळ धरणार? कमिटीशी बोलून निदान मागची बाजू सप्टेंबरपासून इथला उन्हाळा संपेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीअखेर, कापायची नाही असं ठरवून घ्या. हलकी छाटणी चांगली असते, तिने नवीन टोकं फुटतात, पण ती हिवाळ्याच्या शेवटी एकदाच.

दुसरं कारण परागीकरणाचं. या पांढऱ्या फुलांचा वास संध्याकाळी वाढतो हे तुमच्या लक्षात आलं असेल, कारण त्यांच्याकडे रात्री उडणारे पतंग आणि बारीक भुंगेरे येतात. शिवाय या झाडांमध्ये काहींची फुलं कामापुरती नर असतात, पुंकेसर स्त्रीकेसरापेक्षा बरेच लांब आणि परागकोष मोठे, आणि काहींची मादी, दोन्ही सारख्या उंचीचे आणि परागकोष बारीक, त्यात पराग नसतो. अख्खं कुंपण एकाच झाडाच्या कलमांपासून केलेलं असेल तर सगळी एकाच तऱ्हेची निघतात आणि मग फळ कुठून येणार. म्हणून मी कुंपण लावताना मध्ये मध्ये वेगळ्या ठिकाणची रोपं घालतो. तुमच्याकडे लगेच करून बघण्यासारखं म्हणजे पुढच्या कुंपणाची फुलं घेऊन बारीक रंगाच्या ब्रशने मागच्या फुलांना पराग लावायचे, संध्याकाळी, आठ-दहा दिवस. मुलाला हे काम द्या, त्याला आवडेल, फक्त काट्यांपासून डोळे सांभाळायचे. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियात हे झाड नेलं तिथेही फळ न धरण्याची हीच तक्रार होती, हाताने पराग लावले की फळं धरायची.

तिकडचा विषय निघाला म्हणून सांगतो. अमेरिकेत हे झाड १८८६ साली गेलं आणि १९०३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी परदेशी झाडं गोळा करणाऱ्या डेव्हिड फेअरचाइल्ड यांनी डर्बनच्याच बोटॅनिक गार्डनमधून भरपूर बी नेलं, त्याची हजारो रोपं करून वाटली. त्यातून पुढे मोठ्या फळाच्या, कमी बियांच्या जाती निवडल्या गेल्या, फॅन्सी, गिफर्ड, टॉरी पाइन्स अशी नावं आहेत. मला मनापासून वाईट वाटतं की ज्या किनाऱ्याचं हे झाड, तिथल्या नर्सऱ्यांमध्ये मात्र बहुतेक रोपं कुंपणाचा आकार, बुटकेपणा, दाटपणा बघून विकली जातात, फळाचं कोणी विचारत नाही. झाडाखाली सडा पडलेला असतो आणि वर दुकानातून महागाची ब्लूबेरी आणतात. माकडं आणि बुलबुल तेवढे हक्काने खातात.

घरी लावायचं असेल तर जागा उन्हाची निवडा. समुद्राचा खारा वारा या झाडाला काही करत नाही, पार वाळूच्या टेकडीवर लाटांसमोर उभं राहतं, वाळू धरून ठेवतं, म्हणून किनाऱ्याच्या पहिल्या रांगेतल्या घरांना मी डोळे झाकून हेच सुचवतो. मरतं ते पाण्याने. माझ्या सुरुवातीच्या वर्षात मी एका बंगल्याला साठ रोपं चिकणमातीत लावली आणि वर ठिबक चालू ठेवलं, मनात दापोलीचा पाऊस होता, तिथे डर्बनच्या तिपटीहून जास्त पडतो आणि तरी करवंद जोमात असतं. पण करवंद डोंगर उतारावर, जांभ्यावर असतं, पाणी थांबत नाही हे मी विसरलो. तीन महिन्यांत पानं पिवळी, मुळं काळी, अर्धी रोपं गेली, ती पदरचे पैसे घालून बदलून दिली. तेव्हापासून निचरा आधी बघतो. वाळू मिसळलेली जमीन, पहिलं वर्ष आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी, नंतर पावसावर सोडलं तरी चालतं.

बियांपासून रोप होतं, दोनेक आठवड्यांत उगवतं, पण सुरुवातीला वाढ अगदी मंद आणि फळ आईसारखंच येईल याचा भरवसा नाही. चांगलं फळ देणारं झाड सापडलं तर गुटी कलम (झाडावरच्याच फांदीला मुळं फुटवून) किंवा दाब कलम (फांदी मातीत दाबून) करा. साधी छाट कलमं सहसा मुळं धरत नाहीत, त्याला एक जुनी युक्ती आहे, कोवळ्या फांदीचं टोक झाडावरच अर्ध्यापर्यंत कापायचं आणि तसंच लोंबतं ठेवायचं, दोन महिन्यांनी तोडून वाळूत लावायचं, मग महिन्याभरात मुळं फुटतात. रोपापासून साधारण दोन वर्षांत फळ दिसायला लागतं, कलमाला त्याहून लवकर. काम करताना चामड्याचे हातमोजे घाला, कापडी चालत नाहीत, आणि छाटलेल्या फांद्या लगेच उचला, तो बेचक्याचा काटा कसाही पडला तरी एक टोक वर राहतं आणि चपलेच्या आरपार जातं.

आणखी एक गोष्ट, किनाऱ्यावरच्या राखीव टेकड्यांवरून रोपं किंवा फांद्या उपटून आणू नका, तिथे वाळू या झुडपांनीच धरून ठेवलीय आणि परवानगीशिवाय ते करताही येत नाही. नर्सरीत सहज मिळतं. तसंच भारतात जाताना बॅगेत बिया टाकून नेऊ नका. मला दरवर्षी कोणीतरी विचारतं, कोकणात लावू का म्हणून. २००३ च्या प्लँट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे बियाणं-रोपं न्यायला परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची गरजही नाही, आपल्याकडच्या नर्सऱ्यांत कॅरिसा नावाने बुटकी शोभेची रोपं मिळतातच. आखातात राहणाऱ्यांनी पण बघा, दुबई-अबुधाबीत रस्त्याकडेला हेच झाड खूप लावलंय, पण रस्त्यावरचं फळ खाऊ नका, फवारण्या केलेल्या असतात.

याच्या बाकीच्या आफ्रिकन बहिणींबद्दल दोन ओळी. क्वाझुलू-नटालमध्ये आत जंगलाच्या कडेला कॅरिसा बायस्पायनोसा भेटेल, फळ बारीक, एक-दोन बियांचं, काटा तसाच दुबेळका, तेही खातात. वर केनिया, इथिओपियाकडे कॅरिसा स्पायनारम, ज्याला पूर्वी कॅरिसा एड्युलिस म्हणायचे, त्याचं फळ पिकून काळं जांभळं होतं, थेट आपल्या करवंदासारखं दिसतं आणि काटा बहुतेक वेळा एकेरी. इथिओपियात त्याला अगाम म्हणतात. मसाई लोक त्याची मुळी मटणाच्या सुपात उकळतात. तिकडे फिरायला गेलात तर वर सांगितलेला बेचक्याचा नियम चालत नाही, कारण ॲकोकँथेराही त्याच भागात आहे आणि त्याचंही फळ काळं जांभळंच असतं, तिथे स्थानिक माणसाने तोडून दिलं तरच खा.

तुमच्याकडे आत्ता फळांचा बहर आहे. एकदम जेलीएवढी मिळणार नाहीत, रोज पाच-सहा पिकतील, तर पिकतील तशी अर्धी कापून, बिया काढून डब्यात भरून फ्रीजरला टाकत जा, किलोभर साठलं की करा. फ्रीजरमधून काढल्यावर चीक आणखी सुटा होतो, शिजवताना कडेला पटकन जमतो. आणि कुंपणाला चक्कर मारताना एखादं बिनकाट्याचं झुडूप दिसलं आणि शंका आली तर फांदी, फूल आणि पानाचा मागचा भाग असे तीन फोटो टाका, मी बघून सांगतो.